उपवासकाळाच्या डब्यातले पैसे नेमके जातात कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये घरटी एक पुठ्ठ्याचा डबा देतात. चाळीस दिवस जे खर्च टाळले त्याचे पैसे त्यात टाकायचे आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात डबा परत द्यायचा. यंदा सांगितलं की काही भाग इथल्या कामाला आणि काही परदेशातल्या प्रोजेक्टला जाणार. मिस्टर म्हणतात, इथे आपल्याच आसपास अडलेली माणसं असताना बाहेर कशाला पाठवायचे? मी म्हटलं फादरांनाच विचारते कसे वाटले जातात ते, तर सासूबाई म्हणाल्या, देवाला दिलेल्याचा कधी हिशोब मागतात का? मी विचारू की नको?

उत्तर : विचारा, अजिबात संकोच करू नका. सासूबाईंच्या बोलण्यामागची श्रद्धा मला कळते, माझी आईसुद्धा हेच म्हणायची. पण हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही हो. संत पौलाचंच बघा ना, यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी त्याने मासेदोनिया, करिंथ अशा लांबलांबच्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. करिंथकरांना त्याने लिहिलं की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे काहीतरी बाजूला काढून ठेवा, म्हणजे मी आल्यावर गोळा करत बसायला नको, आणि पैसे न्यायला तुम्ही पसंत कराल त्याच माणसांना पाठवीन. तुमचा डबा म्हणजे तेच की! दुसऱ्या पत्रात तर तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन ख्रिस्ती भाऊ पाठवतो आणि कारणही सरळ सांगतो, एवढ्या मोठ्या दानावरून कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून. पौलाला स्वतःला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर तुम्ही विचारण्यात पाप कसलं?

आणि हे चर्चच्या नियमातही आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यात कलम 1267 म्हणतं की ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामासाठी ते वापरायचं, आणि कलम 1287 प्रमाणे लोकांनी दिलेल्याचा हिशोब लोकांना द्यायचा असतो. शिवाय प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, अर्थ समिती असलीच पाहिजे, कलम 537. तेव्हा फादरांना एकटं गाठून अवघडल्यासारखं वाटत असेल तर समितीतल्या कुणाला तरी विचारा. किती टक्के इथे राहतात, बाहेर ते कोणत्या संस्थेमार्फत जातात, गेल्या वर्षीच्या पैशांचं काय झालं, एवढं विचारलं तरी बास. मी हे कळकळीने सांगते कारण एका चर्चमध्ये एका कामासाठी जमवलेले पैसे न सांगता दुसऱ्याच दुरुस्तीला लावलेले मी पाहिलेत. चोरी कोणीच केली नव्हती, खर्च गरजेचाच होता, पण लोकांना ते नंतर बाहेरून कळलं आणि पुढच्या वर्षी निम्मे डबे रिकामे आले. वेळेवर माइकवरून दोन वाक्यं सांगितली असती तर लोकांनी आनंदाने हो म्हटलं असतं.

आता मिस्टरांचा मुद्दा. तो खोटा नाही, म्हणूनच बऱ्याच मोहिमांमध्ये वाटणी ठरलेली असते. अमेरिकेतली अशीच उपवासकाळातल्या डब्यांची राइस बोल मोहीम 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला सुरू झाली, तेव्हा आफ्रिकेतल्या साहेल भागात दुष्काळाने लोक उपाशी मरत होते. त्या मोहिमेत 25 टक्के आपल्याच धर्मप्रांतात, म्हणजे आपल्या बिशपांच्या हद्दीत, राहतात आणि 75 टक्के बाहेर जातात. तुम्ही म्हणाल बाहेर इतके का? तर शेजारी कोणी आजारी पडलं की आपण चार जण धावतो, पण जिथे सगळ्या मुलखातच पाऊस पडला नाही तिथे शेजारीसुद्धा उपाशीच असतो, मग धावणार कोण? तिथे मदत लांबूनच यावी लागते. जर्मनीच्या बिशपांनी 1958 मध्ये परदेशातल्या गरिबांना मदत करणारी मिझेरिओर ही संस्था काढली, तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम तेरा वर्षं झाली होती आणि त्या लोकांनी युद्धानंतर स्वतः परदेशातून आलेलं धान्य खाल्लं होतं. आयर्लंडच्या बिशपांनी 1973 मध्ये तशीच ट्रोकरा ही संस्था सुरू केली, तिचे डबे आजही तिथल्या घराघरांत असतात. त्या शब्दाचा अर्थ आयरिश भाषेत करुणा, आणि मिझेरिओर म्हणजे लॅटिनमध्ये ‘मला कळवळा येतो’, येशूने उपाशी जमाव बघून म्हटलं तेच. मिस्टरांना सांगा, जवळच्यांना डब्याशिवायही हाताने देता येतं, आणि ते द्यावंच. लांबच्याला मात्र डब्याशिवाय आपला हात पोचत नाही.

प्रश्न : मुलं डबा भरायला उत्साहाने तयार होतात पण पैसे शेवटी आमच्याकडूनच मागतात. मग त्यांचा त्याग कुठला?

उत्तर : मागितल्यावर लगेच देऊ नका. आधी त्यांनी स्वतः काहीतरी सोडायला हवं, चॉकलेट म्हणा, गेमसाठीचं रिचार्ज म्हणा, आणि त्याचे वाचलेले पैसे त्यांच्याच हाताने त्याच दिवशी डब्यात पडले पाहिजेत, शेवटच्या रविवारी एकदम नोट टाकली तर मुलांना काहीच कळत नाही. आणि पैसे कुणासाठी जाताहेत ते माहीत असेल तर त्या देशाचा नकाशा काढून बसा एकदा. मुलं फार छान प्रश्न विचारतात, माझ्या भाचीने विचारलं होतं की विहीर खणली पण पाणीच नाही लागलं तर पैसे परत येतात का? मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, मग आम्ही दोघींनी मिळून समितीला पत्र लिहिलं.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेली. डबा घरात आहे, रिकामा. परत द्यायची लाज वाटते.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उपवास, प्रार्थना आणि दान तिन्ही या काळाचे भाग आहेत, आणि यंदा तुमच्या वाट्याला उपवास न मागता आला आहे. रिकामा डबा तसाच परत द्या, किती जमले हे डब्यावर नाव लिहून कोणी मोजत नाही, निदान मोजू नये. पण एक करा, फादरांना नोकरीचं सांगा. त्या डब्यांतला इथे राहणारा भाग तुमच्यासारख्या घरांसाठीच असतो. पूर्वी कधी तुम्ही त्यात टाकलेही असतील, आता घ्यायची वेळ आली तर घ्या.