फवारा नको, आधी पूल शोधा: पाळीव किड्यांच्या टबांत शिरणाऱ्या मुंग्यांबद्दल

तुमचा प्रश्न असा: पाळलेली डुबिया जातीची झुरळं आणि रातकिडे एकाच रॅकवर टबांत आहेत, रात्रीतून मुंग्या शिरल्या, रातकिड्यांची पिल्लं जवळजवळ संपली. टबांच्या कडेला व्हॅसलीन लावलं तरी दोन दिवसांत मुंग्या पुन्हा आत. आता रॅकभोवती मुंग्यांचा फवारा मारू का?

नका मारू. घरगुती फवाऱ्यांत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि त्याला मुंगी, झुरळ, रातकिडा सगळे सारखेच. ते फरशीवर, रॅकच्या पायांवर बरेच दिवस टिकतं. तुम्ही टब उचलता, तिथेच हात लागतो, तोच हात खाण्याच्या वाटीला. मुंग्यांच्या खडूचंही तेच. शिवाय फॅरो मुंगीसारख्या जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात. अशा वसाहतीवर फवारा मारला की ती फुटते आणि राण्या थोड्याथोड्या कामकरी मुंग्या घेऊन वेगळ्या जागी बस्तान मांडतात. म्हणजे एका बिळाची चार बिळं.

आज रात्री करायचं काम वेगळं आहे. एका परातीत साबणाचं पाणी घ्या, मधोमध उलटी वाटी ठेवून तिच्यावर रिकामा, स्वच्छ टब ठेवा. किड्यांना लपायला ठेवलेले अंड्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे एकेक करून त्यावर झटका. झुरळं खाली पडतात. मुंग्या पुठ्ठ्याला बऱ्याचशा चिकटून राहतात. रातकिडे उड्या मारतात, त्यांना रिकाम्या नळकांड्यात शिरू द्या आणि नळकांडं टबात रिकामं करा. सोबत आलेल्या मोजक्या मुंग्यांना परत जायला वाट नसते, त्या हाताने टिपता येतात. जुने ट्रे, भुसा, उरलेलं खाणं पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच फेका. तसंच कचऱ्यात टाकलं तर मुंग्या तिथून पुन्हा येतील. रातकिड्यांनी अंडी घातलेली माती मात्र फ्रीझरमध्ये जाऊ देऊ नका. ती निराळ्या डब्यात, पाण्याच्या मध्यावर ठेवा आणि रोज बघा. तिच्यात मुंग्यांची पांढरी पिल्लावळ दिसली तर त्या मातीचा मोह सोडा.

हीट मॅटच्या, म्हणजे टबांना ऊब देणाऱ्या विजेच्या पट्टीच्या, खाली आणि मागेही नक्की बघा. ऊब आणि ओल एकत्र असलेली जागा फॅरो मुंग्यांना आणि घोस्ट मुंग्यांना फार आवडते. मुंग्या बाहेरून येतायत असं समजून आपण दारं-खिडक्या तपासत बसतो आणि बीळ असतं मॅट आणि रॅकच्या फळीमधल्या फटीत.

आता मूळ मुद्दा. व्हॅसलीन वाईट नाही, पण त्यावर धूळ बसते, उबेने ते ओघळतं, आणि काही जातीच्या मुंग्या मातीचे कण आणून चिकट पट्टीवर चक्क रस्ता बांधतात. प्रत्येक टबाला वेगळी पट्टी म्हणजे वीस ठिकाणी राखण. त्याऐवजी सगळा रॅकच बेट करा. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि चारही पाय पसरट वाट्यांत ठेवा. पाय आणि वाटीची कड यांत सगळीकडून निदान 3 सेंमी अंतर हवं. लाकडी पाय पाणी शोषतात, त्यांना प्लास्टिकची टोपी घाला. वाटीत पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. साबण महत्त्वाचा, कारण मुंगी इतकी हलकी असते की नुसत्या पाण्याच्या ताणावर ती चालून जाऊ शकते, आणि पाण्यावर धुळीचा पापुद्रा आला तर तिचं काम आणखी सोपं. साबणाने तो ताण मोडतो. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर वाट्यांत डास होतील. मिनरल ऑइल वापरलं तर सुकण्याची कटकट नाही, धूळ मात्र त्यावरही बसतेच.

हे सगळं करूनही मुंग्या आल्या तर दोष वाटीला देण्याआधी पूल शोधा. बहुतेक वेळा तो हीट मॅटची वायर असतो. मग पडद्याची कड, भिंतीला टेकलेलं झाकण, रॅकला टेकवून ठेवलेला झाडू. वायर काढता येत नाही, तेव्हा तिला खाली झोल द्या आणि मधल्या भागावर व्हॅसलीनचा जाड थर लावा. तो आठवड्याला पुसून नवा लावायचा. ही एकच जागा असल्याने जमतं.

टबांवर बचावाची दुसरी फळी म्हणून फ्लुऑन उत्तम. हे टेफ्लॉनच्या कणांचं पाण्यातलं मिश्रण. गुळगुळीत उभ्या भिंतीवर स्पंजाने पातळ पट्टा ओढायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मुंगीच्या पायांची पकडच बसत नाही. आपण तो टबाच्या आतून लावतो, किडे बाहेर पडू नयेत म्हणून. मुंग्यांसाठी तो बाहेरून हवा, आणि शक्य असेल तर टबाच्या वाकलेल्या काठाच्या खालच्या बाजूला. तिथे धूळही कमी बसते, आपली बोटंही कमी लागतात. फार दमट हवेत फ्लुऑन कमजोर पडतो. टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून लावली तरी कोरड्या खोलीत चालते. लावताना खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको.

झाकणाची जाळीही बघा. डासांच्या जाळीचं भोक सहसा एक मिलिमीटरच्या पुढे असतं. फॅरो मुंगी जेमतेम 2 मिमी लांब, तिचं डोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद. तिला ते भोक म्हणजे उघडा दरवाजा. 0.3 मिमीची स्टीलची जाळी लावा आणि हवा कमी पडू नये म्हणून झाकणातली खिडकी मोठी कापा. नायलॉनची नको, रातकिडे कुरतडतात.

डायटोमेशियस अर्थ नावाची बारीक मातीची पूड कुणीतरी सुचवेलच. ती किड्याच्या अंगावरचं मेण काढून त्याला सुकवून मारते, आणि तिला तुमची झुरळं ओळखता येत नाहीत. वर ओल लागली की निकामी. रॅकच्या आसपास मी ती वापरत नाही.

बीळच संपवायचं असेल तर आमिष, पण रॅकपासून लांब, मुंग्यांच्या रांगेवर, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत, मुलं आणि पाळीव प्राणी पोचणार नाहीत असं. 100 मिली साखरपाण्यात 1 ग्रॅम बोरिक ॲसिड पुरे. जास्त घातलं तर कामकरी मुंग्या वाटेतच मरतात किंवा तोंडच लावत नाहीत. आपल्याला हवं ते उलट: त्यांनी ते बिळात न्यावं आणि एकमेकींना भरवत राणीपर्यंत पोचवावं. साखरेकडे ढुंकून बघत नसतील तर त्यांना सध्या प्रथिनं किंवा तेल हवंय. आमिष तसं बदला. डबीवर गर्दी झाली की घाबरून पुसू नका. रॅकजवळच्या रांगा मात्र साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे वासाची वाट मोडेल. आमिषाला काही आठवडे लागतात, आणि तेवढा काळ टबात रात्रीचं उरलेलं फळ किंवा मेलेला किडा राहू देऊ नका.

नवी पिल्लं कधी आणू, असंही विचारलंय. आधी रिकाम्या टबात गाजराचा तुकडा टाकून तो बेटावर ठेवा. आठवडाभर मुंगी दिसली नाही तर आणा. आणि पहिली खेप थोडीच आणा, कारण कात टाकताना किडे मऊ असतात आणि मुंग्या आधी त्यांच्यावरच तुटून पडतात. कुठे फट राहिली असेल तर ती तेव्हाच कळेल.