लघवी तपासण्यात कसलं करिअर?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वणी तालुक्यात सहा एकर कोरडवाहू, पोरीचे नीटचे दोन प्रयत्न झालेले, आणि तिसऱ्यासाठी दोन एकर गहाण टाकायची तुमची तयारी. पोरगी म्हणते, बीएस्सी करून बायोकेमिस्ट्रीकडे जाते, कारण आत्याच्या पोटदुखीचं मूळ शेवटी लघवीच्या तपासणीत सापडलं. त्यावर तुम्ही तिला म्हणालात, "लोकांची लघवी तपासायला शिकवलं का तुला?" मला मार्कांपेक्षा या वाक्याची काळजी वाटते. ती आजकाल अर्ध्या ताटावरून उठते, बोलत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. शेत गहाण टाकू नका आणि तिसरा फॉर्म तिच्या गळ्यात मारू नका.

"ते काम तर मशीनच करते" हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. आत्याला अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया आहे. त्यात हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य, तयार होण्याची साखळी मध्येच अडते आणि एएलए, पीबीजी ही द्रव्यं लघवीत उतरतात. पोटदुखीपायी आत्याचं अपेंडिक्स उगाच काढलं गेलं. या आजारात असं होतं. नमुना उजेडापासून झाकून ठेवावा लागतो, नाहीतर पीबीजी टिकत नाही. एहर्लिकचं रसायन घातलं की लालसर गुलाबी रंग येतो, पण तो लघवीतल्या युरोबिलिनोजेन या दुसऱ्या द्रव्यानेही येतो. म्हणून आधी आयन-एक्स्चेंज कॉलममधून, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या नळीतून, पीबीजी वेगळं काढायचं, मग साधारण ५५५ नॅनोमीटरला रंग मोजायचा. रोगी भरपूर पाणी प्यायला असेल तर आकडा फसवा उतरतो, तेव्हा लघवीतल्याच क्रिएटिनिन या द्रव्याच्या प्रमाणाशी ताडून पाहायचं. एकटं एएलए वाढलं असेल तर शिशाच्या विषबाधेची शंका घ्यायची. हे सगळं माणसाला कळावं लागतं.

मार्ग साधा आहे: रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी, मग जॅम (आयआयटीची एमएस्सीसाठीची प्रवेश परीक्षा) किंवा विद्यापीठाच्या प्रवेशातून एमएस्सी बायोकेमिस्ट्री. डीएमएलटीने (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नोकरी लवकर लागते, पण तिला जे शिकायचंय ते तेवढ्यात भागणार नाही.

आता करिअरच्या आधीचं काम. आत्या तुमची सख्खी बहीण. हा आजार आनुवंशिक आहे, भावंडात जनुकाचा तोच दोष असण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि तुमच्यात असेल तर पोरीलाही तितकीच. दोष असलेल्या बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. पण उपाशी राहणं, फिटच्या काही गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या यांनी या आजाराचा अटॅक येऊ शकतो, आणि तो तरुण बायकांत जास्त दिसतो. तुमची पोरगी नीट जेवत नाहीये. आत्याचे सगळे कागद घेऊन दोघं नागपूरला मेडिकल कॉलेजात दाखवा. त्रास नसताना लघवीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा जनुक तपासणीबद्दल विचारा. आणि कुठलंही नवं औषध घेण्याआधी घरातल्या या आजाराबद्दल डॉक्टरांना सांगा.