आधी काढा, मग ऑपरेशन?

प्रश्न: वहिनींच्या स्तनात दीड सेंटिमीटरची गाठ आहे, बायोप्सीत कॅन्सर निघाला. ‘तीन महिने काढा घेऊन बघते,’ म्हणतात. थांबावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: नाही, कृपया थांबू नका. एवढ्या गाठीत बहुधा स्तन वाचवून ऑपरेशन होतं. ती काखेत पसरली की उपचार वाढतात. अमेरिकेतल्या २०१८च्या अभ्यासात केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या अशा रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सर हार्मोनमुळे किंवा हर-टू या प्रथिनामुळे वाढतो का, हे सांगणाऱ्या तपासण्या) हे रिपोर्ट घेऊन खारघरच्या टाटा केंद्रात दुसरं मत घ्या. प्राणायाम, योगासनं डॉक्टरांना विचारून जरूर करू द्या. काढ्यात काय काय आहे तेही त्यांना दाखवा: हळद-मिरीच्या कॅप्सूलमुळे टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोनरोधक औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं. भाजीतली हळद चालेल.