वाचकांचे प्रश्न: महागडे मशीन की स्वस्त?

प्रश्न: घरासाठी दोन कपाटे आणि एक पलंग बनवायचा आहे. ७ इंची सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) नामांकित कंपनीचा घ्यावा, की निम्म्या किमतीचा चालेल?

उत्तर: एवढ्या कामाला स्वस्त मशीनही पुरेल, पण दुकानातच तपासून घ्या. खालच्या पट्टीवर आणि पात्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा. ९० अंशाला फट दिसली आणि स्क्रूने ती जात नसेल, तर ते मशीन नको. पातळ पत्र्याची पट्टी एकदा पडली की वाकते आणि मग प्रत्येक काप तिरका येतो. प्लग काढून पाते हाताने हलवा. शाफ्ट डुगडुगला तर बेअरिंग सैल आहे.

सनमायकाच्या कडा तुटतात त्याला बहुतेक वेळा पातेच कारणीभूत असते. सोबत मिळणारे २४ दातांचे पाते सागाच्या फळीला ठीक. प्लायला ६० दातांचे लावा. दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापा.

रोज सहा-आठ तास काम असेल, तर मात्र महागडेच घ्या. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे), स्विच, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) वर्षानुवर्षे मिळत राहणे, हीच त्या किमतीची खरी वसुली. लांब, बारीक वायरवर मात्र महागडी मोटरही तापते. एक्स्टेंशन २.५ चौरस मिमीचे वापरा.

राउटरमध्ये (लाकडात खाचा आणि कडांना आकार देणारे मशीन) काटकसर नकोच. कॉलेटची, म्हणजे बिट (कापणारे टोक) धरणाऱ्या चिमट्याची, पकड सैल पडली तर फिरता बिट निसटतो, आणि ते जिवावर बेतू शकते.