कोऱ्या आलेखावरून मुलीचं भवितव्य ठरवू नका

(कोल्हापूरच्या एका वडिलांचं पत्र. उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉपर ऑक्साइडच्या पावडरीवर तिचा प्रोजेक्ट चालू आहे आणि पुढे तिला पीएच.डी. करायची आहे. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) या पदार्थाच्या चाचणीत ‘काहीच आलं नाही’ म्हणून ती रडत घरी आली. वडील लिहितात : ‘तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे आमच्या दुकानातल्या पोरालाही कळतं. बँकेच्या क्लासची फी भरून टाकली आहे. आता तुम्हीच तिला समजवा.’)

नमस्कार,

मी तिला समजावणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आम्ही ठरवलं, आम्ही फी भरली, आम्हाला वाटतं, असंच सगळीकडे आहे. ती काय म्हणते, याचं एकही वाक्य नाही. त्याच पत्रात धाकट्या मुलाच्या इंजिनिअरिंगला डोनेशन भरल्याचं सहज लिहून गेलात. त्याच्या शिक्षणाचा उपयोग काय, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. मुलगी हुशार आहे असं तुम्हीच लिहिता आणि तिच्या एका वाईट दिवसाचा पुरावा करून तिच्याचविरुद्ध वापरता. याचा मला राग आला, तो लपवत नाही.

आता त्या ‘काहीच आलं नाही’बद्दल. तांब्याची तार चुंबकाला चिकटत नाही, हे अगदी खरं. पण ऑक्साइडमधल्या तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो. असे एकटे इलेक्ट्रॉन ईएसआर यंत्र चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून टिपतं. मग सिग्नल यायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. पण काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये शेजारशेजारचे तांब्याचे आयन मधल्या ऑक्सिजनमार्फत एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात, की त्यांचे स्पिन (म्हणजे त्या एकट्या इलेक्ट्रॉनांची इवली चुंबकं) उलटसुलट लागतात आणि एकमेकांना खोडून काढतात. साधारण २३० केल्विनच्या, म्हणजे उणे ४३ सेल्सिअसच्या खाली ही मांडणी पक्की होते. त्याच्या वरही, खोलीच्या तापमानाला, ती ओढ पुरती सुटत नाही. म्हणून चांगल्या, मोठ्या कणांच्या कॉपर ऑक्साइडचा ईएसआर आलेख जवळजवळ कोराच येतो. कण नॅनो आकाराचे असतील तर पृष्ठभागावरचे काही स्पिन मोकळे राहतात आणि रेघ दिसू शकते. कधीकधी पावडर बनवताना वापरलेला तांब्याचा क्षार थोडा उरला, तर त्यामुळेही दिसते. वाय-बेरियम-कॉपर ऑक्साइड (वाय म्हणजे यिट्रियम) या अतिवाहकातही, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थातही, शुद्ध पदार्थ गप्प राहायचा आणि सिग्नल यायचा तो बहुतेकदा त्यात मिसळलेल्या हिरव्या अशुद्धीचा. अशा कॉपर ऑक्साइडयुक्त पदार्थांमधली अतिवाहकता १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी शोधली, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्यातले म्युलर मूळचे ईएसआरवालेच.

तिला एवढंच विचारा : त्याच दिवशी डीपीपीएचचा, म्हणजे यंत्र तपासायला वापरतात त्या ठरलेल्या पदार्थाचा, नमुना लावून पाहिला होता का? त्याची रेघ २.००३६ या जी-मूल्याला (आलेखावरची रेघेची जागा सांगणारा आकडा) नीट आली असेल तर यंत्र ठीक आहे. मग एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या चाचणीवरून) कणांचा आकार आणि शुद्धता बघायची आणि प्रबंधात ‘सिग्नल नाही’ हे कारणासह लिहायचं. तो निष्कर्षच आहे. हे तिच्या गाइडनी तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पीएच.डी.ची वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पाच वर्षं सहज जातात आणि नंतर कॉलेजात तासिका तत्त्वावर राबणारे पीएच.डी.धारक तुमच्याही ओळखीत असतील. म्हणून फेलोशिपशिवाय तिने प्रवेश घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सध्या महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, तुमच्या खिशाला हात लागत नाही. गेट आणि जेस्ट या परीक्षाही आहेत. जेआरएफसाठी तिला दोन प्रयत्न मनापासून करू द्या. त्या काळात घरात बँकेचा विषय काढू नका.

क्लासची फी परत मागायला मात्र आज जाऊ नका. आधी तिला विचारा, कदाचित तिला तो क्लासही करायचा असेल. आणि पुढचं पत्र तिने लिहिलं तर प्रोजेक्टबद्दल मला तिच्याशीच बोलायला आवडेल.