पहिलीत पाच पोरं आणि भाषण 'स्फोटा'वर

प्रश्न : बाई, मी भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवर झेडपी शाळेत शिक्षक आहे. यंदा पहिलीत पाच मुलं आहेत. तरी 11 जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनी, 'लोकसंख्येचा स्फोट' या विषयावर बोलायला सांगितलंय. रिकाम्या बाकांपुढं काय बोलू?

गुरुजी, तुमची बाकं रिकामी आहेत हे खरं आणि देशाची लोकसंख्या वाढतेय हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं, एवढं मुलांना कळलं तरी तास सत्कारणी लागला. मी भूगोल शिकवायची तेव्हा पाठ्यपुस्तकात नुसता वर चढणारा आलेख असायचा. तो का चढतो, यावर दोन ओळी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईमागे सरासरी 2.0 मुलं निघाली, महाराष्ट्रात 1.7. आधीच्या पिढीची जागा पुढच्या पिढीनं भरून काढायला साधारण 2.1 लागतात. 1992-93 मध्ये देशाचा हाच आकडा 3.4 होता. मग 2023 मध्ये आपण चीनच्या पुढं कसे गेलो?

पोरांना घरची वंशावळ मांडायला सांगा. समजा आजीला सहा लेकरं. सहाही संसाराला लागली आणि प्रत्येकानं दोनांवर थांबायचं ठरवलं. तरी आजी-आजोबा दोघं आणि नातवंडं बारा! वरची पिढी लहान, खालून येणारी मोठी. त्यात स्वातंत्र्याच्या सुमाराला सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, आता ते सत्तरीला टेकलंय. तुमच्या वाडीतल्या कितीतरी आज्या अजून भांगलायला जात असतील. उसानं भरलेली ट्रॉली ब्रेक दाबल्या दाबल्या जागेवर थांबत नाही, तसं हे आहे. ब्रेक लागलाय, पण ट्रॉली अजून पुढं सरकतेय.

एक पथ्य मात्र पाळा. कुणाला किती भावंडं हे वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नका. चार बहिणींच्या पाठीवर झालेला पोरगा असतोच एखादा, तो मान खाली घालतो आणि त्याच्या बहिणीही. त्यांचा काय दोष? पण 'चार मुली होईपर्यंत मुलाची वाट का बघितली' हा प्रश्न गावसभेत जरूर काढा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 839 होत्या, 2011 मध्ये 863. ऊस आहे, दूध आहे, दारात गाडी आहे आणि लेकी एवढ्या कमी! गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्यानं 1988 मध्येच केला, देशाच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी. शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, हे दर जयंतीला आपण छाती फुगवून सांगतो. त्याच भाषणात 863 हा आकडा सांगायची हिंमत मी फार थोड्यांत बघितलीय. तुमच्या भाषणात तो येऊ द्या.

प्रश्न : दोनच्या वर मुलं असतील त्यांचं रेशन आणि सवलती बंद केल्या की प्रश्न मिटेल. आमच्या मागावर बिहारचे कामगार आहेत, एकेकाला पाच-पाच पोरं. – इचलकरंजी

नाही मिटणार. रेशन तोडलं की त्या घरातून शाळा आधी सुटते ती थोरल्या मुलीची. तिचं लग्न लवकर होतं आणि पाळणा लवकर हलायला लागतो. त्याच सर्वेक्षणात शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांना सरासरी 2.8 मुलं होती, बारावीपर्यंत किंवा पुढं शिकलेल्यांना 1.8. बिहारचा आकडाही 2005-06 मध्ये 4.0 होता, तो 3.0 वर आलाय. उतरतोय तो.

आपल्याकडं सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आंध्र प्रदेशनं स्थानिक निवडणुकांतला असाच नियम 2024 मध्ये काढून टाकला. तिथं आता काळजी आहे ती म्हाताऱ्यांची संख्या वाढण्याची. आणि राग मानू नका, पण उद्या तुमचे माग चालवायला माणसं कुठून आणणार आहात?

प्रश्न : मला दोन मुलं आहेत. ऑपरेशन मीच करून घ्यायचं असं सासरी ठरलंय. मालकांनी केलं तर अंगातली ताकद जाते म्हणतात. खरं का? – कागल तालुका

साफ खोटं. तालमीचं वेड असलेल्या घरात ही समजूत फार घट्ट असते. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करतात; संप्रेरकं, ताकद, संबंधाची इच्छा यांना धक्का लागत नाही. बिनटाक्याच्या पद्धतीत तेवढ्या जागेपुरती भूल देतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं, निदान छिद्र तरी पाडावं लागतं. तरी देशात 37.9 टक्के विवाहित बायकांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलीय, आणि नवऱ्याची झालीय अशा 0.3 टक्के! आणीबाणीत, 1976-77 मध्ये, साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी धाकानं. त्या धसक्यानं सरकारनंही नंतर सगळा भार बायकांवर टाकला.

मालकांना घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दोघांसमोरच विचारा. सासूबाई येतो म्हणाल्या तर त्यांनाही न्या. एक नीट लक्षात ठेवा : पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच निर्धास्त होता येत नाही. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून त्यात शुक्राणू नाहीत असा अहवाल येईपर्यंत निरोध किंवा दुसरं साधन वापरायचंच.