मिरचीची आग, तव्याचा चटका

प्रश्न : अर्धा किलो हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला आणि थोड्या वेळाने हातांची आग सुरू झाली. गार पाण्यात हात धरला की बरं वाटतं, काढला की पुन्हा तेच. फोड तर एकही नाही. मग भाजतंय काय?

उत्तर : त्वचा भाजलेली नाही, पण मेंदूकडे खबर जाते ती भाजल्याचीच. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. ते तंतूच्या दारासारखे असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे हे दार उघडते, सोडियम-कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात आणि विद्युत संदेश निघतो. मिरचीतले कॅप्सेसिन याच प्रथिनाला चिकटून ते नेहमीच्या तापमानालाच उघडते. दार उष्णतेने उघडले की मिरचीने, हे ओळखायला त्या तंतूपाशी काहीच साधन नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या प्रथिनाचा छडा लावला. २०२१ च्या नोबेलचे ते सहमानकरी. पक्ष्यांमधले हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची खुशाल खातो.

गार पाण्याने आग शमते, पण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते जागच्या जागी राहते. ते तेलात विरघळते. म्हणून कोरड्या हातांना चमचाभर खाद्यतेल मिनिटभर चोळा, नखांच्या कडांनाही. कागदाने टिपून घ्या, मग भांड्यांच्या साबणाने गार पाण्यात धुवा. दोन-तीनदा करावे लागते. गरम पाणी अजिबात नको, एरवी सोसणारे कोमट पाणीही त्या वेळी पोळते. डोळ्यांना हात लावू नका. पुढच्या वेळी हातमोजे घाला. तिखटाचा मुख्य साठा बियांत नसतो, बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतो.

प्रश्न : तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, दुखतं नंतर. असं का?

उत्तर : हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, मेंदूच्या निर्णयाची वाट पाहत नाही. वेदनेच्या वाटाही दोन आहेत. पातळ वेष्टण असलेले तंतू सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने संदेश नेतात, वेष्टण नसलेले जेमतेम १ मीटरने. बोटापासून मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत ८० सेंटिमीटर धरले, तर पहिल्यांना सेकंदाचा विसावा भाग पुरतो, दुसऱ्यांना पाऊण सेकंदाहून जास्त. म्हणून आधी टोचरी कळ, मग पसरत जाणारी आग. खरेच भाजले असेल तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.

घरात जुना मधुमेह असेल, तर एक गोष्ट आजच पाहा. त्यात सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणजे पायांचे. पाय पोळला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशा व्यक्तीने आंघोळीचे पाणी पायाने जोखू नये, कोपराने जोखावे. कोपराची जाणीव सहसा बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. शेकायची पिशवी पायाशी घेऊन झोपणे मात्र कायमचे बंद करावे.